हाकेला ओ

दीपिकाताईंनी माइक हातात घेतला, तेव्हा सुकरीनं मागं वळून बापाला डोळ्यांनीच खुणावलं. ह्याच त्या ताई. आश्रमशाळेत पालक मेळावा होता. लच्छू धुतलेला सदरा घालून सतरंजीवर मांडी घालून बसला होता. आपल्या मुक्या झालेल्या पोरीला पुन्हा बोलतं करणारी बाई म्हणजे त्याच्या लेखी देवच. त्यानं बसल्या जागी हात जोडले.

ताई शाळेच्या समुपदेशक. आठवड्यातून एकदा यायच्या, पोरापोरींच्या मनातलं ऐकून घ्यायच्या. आज पुढच्या खुर्च्यांवर संस्थेचे पाहुणे होते, म्हणून आवाजात जरा जास्तच साखर होती. धक्का बसलेलं मूल कसं गप्प होतं, त्याचा विश्वास कसा मिळवायचा, हे सांगता सांगता त्या म्हणाल्या, "नाव सांगणार नाही. पण इथल्याच एका मुलीच्या आईला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं."

घ्या! नाव झाकलं म्हणे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय? अख्ख्या शाळेत अशी पोरगी एकच. सगळ्या माना सुकरीकडं वळल्या.

पुढचं काही ताई बोलायच्या नाहीत, असं ती स्वतःला समजावत राहिली. या कानाचं त्या कानाला कळणार नाही, असं तिचा हात हातात घेऊन कबूल केलं होतं त्यांनी. त्या भरवशावरच तर ती बोलली होती.

पण पाहुणे माना डोलवत होते आणि ताईंना रंग चढला होता. जंगलात बाया एकमेकींना हाका देत मोह वेचतात, हाकेला ओ आली की जीव भांड्यात पडतो, हे सुकरीनंच सांगितलेलं त्यांनी सुकरीच्याच शब्दांत सांगितलं. त्या सकाळी पोरगी रुसली होती. बाजाराला नेत नाही म्हणून. मायनं हाकांवर हाका मारल्या. पोरगी झाडाआड बसून राहिली, ओ दिली नाही. माय तिला शोधत नाल्याकडं गेली, ती गेलीच.

"हे तिनं वडिलांनाही सांगितलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "आज ती मोकळी झालीय."

टाळ्या पडल्या. लच्छू उठला. चपला हातातच घेऊन मांडवाबाहेर पडला.

सुकरी त्याच्यामागं धावली, पण फाटकाबाहेर पाऊल टाकवेना. कोणत्या तोंडानं जवळ जायचं? मागून ताई आल्या. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी नाव नव्हतं घेतलं गं, सुकरी."

सुकरीनं तो हात झटकला.

"शाळंत किती पोरींच्या मायले वाघानं नेलं, ताई?"

सुकरीला रडूसुद्धा येईना. हिच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आपण. माय गेल्यावर जगात एवढीच एक आपली वाटली, आणि तिनंच केसानं गळा कापला.

बाप रस्त्याला लागला होता. भेटायला आला की दर वेळी परतताना तो सागाच्या वळणावरून हाक मारायचा. सुकरी फाटकातून ओ द्यायची. मग तो पुढं जायचा. पोरी हसायच्या, पण बापलेकीचं ते ठरलेलं होतं. आजही ती फाटकाचे गज धरून थांबली.

वळण आलं. हाक आली नाही.

मग तिनंच मारली. छाती फुटेस्तोवर.

"बाऽऽ!"

लच्छूचे पाय थबकले. क्षणभर तो तसाच उभा राहिला, पाठमोरा. मग ओ न देता चालू लागला.