तिसरा कागद
सामुराईच्या तलवारीवरचा जुना गंज मी रोज दगडावर घासून काढायचो आणि सकाळी त्याच जागी तांबूस डाग उमटलेला असायचा. “दातांत कागद न धरता पातं न्याहाळत असाल. श्वासाची ओल लागते त्याला,” मिनेको करवादली. “मामंजी असते तर कान उपटले असते तुमचे.” “तुझ्याच बडबडीची ओल असेल,” मी म्हणालो. मग दोघांनीही दातांत कागद धरून पातं उजेडाला नेलं. तरी पोलादावर वाफ साचली, शेजारच्या रिकाम्या आसनाच्या बाजूने. बाबा गेल्यापासून ते आसन आम्ही हलवलं नव्हतं. मिनेकोने तिसरा कागद काढला, आसनावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पातं लख्ख होतं. कागद मात्र ओला होता. त्यावर दात उमटले होते, आणि मधोमध एका दाताची जागा कोरी, बाबा हसताना दिसायची तशी.