जाड ॲक्सल

पुन्हा मोडून आणलीच मेल्यानं.

गॅरेजच्या दारात बुटक्या स्टुलावर बसलेल्या काकूंनी ओढ्याकडून येणारी जीप पाहिली आणि कपाळाला हात लावला. जीप येत नव्हती, आणली जात होती. पुढे ट्रॅक्टर, मध्ये दोर, मागे ती लंगडी जीप. आणि स्टिअरिंगवर मान खाली घालून टॉवरवाला. डोंगराच्या माथ्यावर मोबाइलचा टॉवर होता, त्याचा हा राखणदार. वर तो आणि वारा, तिसरं कोणी नाही.

"आलं का तुमचं लटांबर?" काकूंनी तोंडाचा पट्टा सोडला. "मागच्या खेपेचं ग्रीस अजून माझ्या लेकाच्या नखांतून निघालं नाही!"

"चुकलं, काकू."

"चुकतं एकदा. तुमचा तर हा धंदाच होऊन बसलाय."

काकूंना इंच-बिंच कळत नव्हते. त्या टायर स्वतःच्या अंगावर मोजायच्या. हा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा स्टुलावर बसलेल्या काकूंच्या खांद्याला त्याचं टायर लागत होतं. मग ते हनुवटीला आलं. आज बघतात तर नाकाला! बाजारातून मोठं टायर चढवायचं आणि आत चाक फिरवणारा दांडा, म्हणजे ॲक्सल, मात्र तोच बारीक ठेवायचा. नवऱ्याच्या शेजारी बसून या गॅरेजात त्यांचा जन्म गेला होता. चाक जेवढं मोठं, तेवढा ॲक्सलला पीळ जास्त. चाक दगडात अडकतं, इंजिन जोर लावतं आणि मधल्यामध्ये ॲक्सल कडाड तुटतो. हे सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. टॉवरवाला मान डोलवायचा आणि म्हणायचा, "होता तसलाच टाका."

आणि बाजारात लोक नावं कोणाला ठेवतात? टायरला नाही, गॅरेजला. कालच गाड्यांचे सुटे भाग विकणारा पार्टवाला दात काढत म्हणाला होता, "काकू, तुमच्याकडचे ॲक्सल फार मोडायला लागलेत म्हणे." दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं नाव. काकूंना रात्री घास गोड लागला नव्हता.

लेक जीपखाली शिरला. आता दिवसभर त्याचे पायच दिसणार. काकूंचं सगळं बोलणं हल्ली त्या पायांशीच चालायचं. पाय कधी "हं" म्हणायचे, कधी तेही नाही. सून नोकरीवरून यायची ती कानात मोबाइलची बोंडं घालूनच.

टॉवरवाला नेहमीसारखा तेलाचा रिकामा डबा उपडा करून काकूंच्या शेजारी बसला. काकूंनी चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

"त्या नळवाल्याचं काय झालं?" त्यानं विचारलं.

"कुठल्या?"

"तुमचा पाइप उलटा बसवून गेलेला. मागच्या वेळी सांगता सांगता अर्धवट राहिलं होतं."

काकूंनी स्टूल त्याच्याकडे वळवलं. मग नळवाला, त्याची बायको, त्या बायकोचा नखरा, सगळं आलं. टॉवरवाला चहा गार करत ऐकत राहिला. योग्य जागी हसला. एकदा तर "अरे देवा!" असंही म्हणाला.

दुपारी लेक हात पुसत बाहेर आला.

"साहेब, आता ऐका. मी जाड ॲक्सल मागवलाय. तो टाकतो. नाहीतर गाडी दुसऱ्या गॅरेजात न्या. आमचं नाव खराब होतंय."

टॉवरवाल्यानं कप खाली ठेवला. "जाड ॲक्सल किती टिकेल?"

"किती म्हणजे? तुमच्यामागेही टिकेल!"

"पण मधेमधे दाखवायला आणावी लागेल ना? ग्रीसला वगैरे?"

"वर्षातून एकदा. तेही तुमचं तुम्हाला जमेल, मी दाखवतो. इथवर यायची गरजच नाही."

टॉवरवाला जीपजवळ गेला. टायरवर हात ठेवून उभा राहिला. मागं न बघताच त्यानं विचारलं, "याच्याहून मोठं टायर मिळतं का हो?"

लेकानं हात टेकले. "आई, तूच सांग आता यांना."

काकूंच्या तोंडात शब्द तयारच होते. चांगले तिखट. पण त्या नुसत्या बघत राहिल्या. डोंगरातून गाडी मोडून आलेला माणूस, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. केसांना तेल. हा माणूस घरून निघतानाच कोणाकडे तरी जायचं म्हणून निघाला होता. आणि एवढा अख्खा डोंगर सोडून याची गाडी दरवेळी मोडते कुठे, तर इथल्याच ओढ्यात, गॅरेजातून हाक मारली तर ऐकू जाईल अशा जागी. चांगला रस्ता बाजूनं जात असताना.

ओढ्यात कडाड झालं की आपण आधी चहाचं आधण ठेवतो आणि मग तोंड सोडतो, हेही काकूंच्या तेव्हाच ध्यानात आलं. आवाज झाला नाही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कान तिकडेच असतात, हेही. हे मात्र त्यांना मुळीच आवडलं नाही.

त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या.

"जाड ॲक्सल टाक," त्या लेकाला म्हणाल्या. "आणि टायर पहिल्या मापाचं बसव."

टॉवरवाला वळला. त्यानं खिशातून जीपची किल्ली काढून लेकाच्या हातावर ठेवली आणि आपला उपडा डबा उचलून जागच्या जागी भिंतीला लावायला निघाला.

"तो डबा ठेव तिथेच," काकू कडाडल्या. इतक्या दिवसांचं अहो-जाहो एका फटक्यात गेलं. "आणि कान उघडे ठेवून ऐक. दर आठवड्याला यायचं, गाडी धडधाकट घेऊन यायचं. मोडून आणलीस, तर तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही मी."