तळघराचा आकडा

विज्ञानाने माणसाचं जीवन सुरक्षित केलं आहे. त्या गल्लीत मात्र विज्ञान साबणाच्या वडीएवढ्या खोक्यातून आलं आणि बहुतेकांनी ते फ्रिजवर ठेवून त्यावर किल्ल्या ठेवल्या.

खोकी आरोग्य कचेरीने वाटली होती. रेडॉन नावाचा वायू जमिनीतून येतो, तळघरात साचतो आणि फुप्फुसं पोखरतो, असं सोबतच्या कागदावर होतं. दिसत नाही, वास येत नाही, आवाज करत नाही. शिवणवाल्या बाईला हे वर्णन ओळखीचं वाटलं. तिचा नवरा अकरा वर्षं तळघरातच राहत होता.

निमित्त घोरण्याचं झालं होतं. "मग मी खाली झोपतो," तो म्हणाला. "झोपा," ती म्हणाली. माघार कुणी घ्यायची, एवढंच ठरायचं राहिलं. तेव्हापासून ती जिन्यावर ताट ठेवायची, तो धुऊन परत तिथेच ठेवायचा. आता त्याचे गुडघे कुरकुरत होते, तिला सुईत दोरा दिसत नव्हता. भांडणाचाही कंटाळा आला होता. पण ते मिटवायचं तर बोलावं लागलं असतं.

वायू किती आहे ते मोजण्यासाठी खोकं ठरलेली मुदत मोकळ्या हवेत ठेवा आणि मग कचेरीत परत द्या, असं कागदावर होतं. तिने ते जिन्याखालच्या कपाटात, फरशीच्या भेगेवर ठेवलं आणि वर बादली उपडी घातली. आकडा जरा वाईट आला, तर माणसाला वर यायला कारण मिळेल.

मुदत संपल्यावर तिने खोकं ताटाशेजारी ठेवलं. नवरा ते कचेरीत देऊन आला. कचेऱ्या त्याला नव्या नव्हत्या. तीस वर्षं टायपिस्ट होता.

तीन आठवड्यांनी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हातात कागद.

"अगं, पत्र आलंय. आकडा मर्यादेच्या चौपट."

तिने चष्मा लावून वाचलं. तळघरात झोपणे तात्काळ थांबवावे. पत्रात एकही चूक नव्हती.

"मग?"

"खाली राहू नका म्हणतात."

"त्यांचं काय जातं म्हणायला!" ती म्हणाली. "आणा गादी वर. कचेरीशी कोण भांडत बसणार?"

"मी अजून घोरतो."

"मला एका कानाने ऐकू येत नाही हल्ली."

गादी वर यायला चार ठिकाणी थांबावं लागलं. पण आली.

आठ दिवस बरे गेले. मग शेजारच्या मास्तरणीने विचारलं, "तुमच्याकडे चौपट, तर आमच्याकडे किती असेल हो?" आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना चौघांकडून उचलून माळ्यावर नेलं. म्हातारा वाटभर विव्हळत होता. ते ऐकून बाईने हातातलं शिवणकाम बाजूला ठेवलं. खरं सांगितलं तर गादी परत खाली जाणार. नाही सांगितलं तर म्हातारा माळ्यावर.

ती कचेरीत गेली.

"आमचा आकडा खोटा आहे," तिने कारकुनाला सांगितलं. "मी खोक्यावर बादली घातली होती. पत्र रद्द करा, पण यांना कळवू नका."

कारकुनाने जांभई आवरली.

"कसलं पत्र, मावशी? खोकी सगळी पोत्यात पडून आहेत. मोजायचं यंत्रच अजून आलेलं नाही."