नारंगी दगडांची वाट

"अहो, थांबा. इथे देव आहे," जयवंतीबाई म्हणाल्या आणि भाऊंनी चमकून त्या दगडाकडे पाहिलं.

मांडूच्या किल्ल्याच्या कडेकडेनं जाणाऱ्या पायवाटेला जिथे पहिला फाटा फुटतो, तिथला हा दगड भाऊंनीच रंगवला होता. देवासच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये जन्म गेलेला माणूस. खडूनं खूण करून भागवणं त्यांना कसं जमावं? आधी प्रायमर, मग मशीनला लावतात त्या नारंगी रंगाचे दोन हात, आणि सरळ जायचं म्हणून टोक वर केलेला पांढरा बाण. आता त्याच दगडापुढे फोडलेला नारळ, झेंडूची फुलं आणि उदबत्तीची राख होती. बाणाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी कुंकवाची बोटं ओढून त्याचा त्रिशूळ केला होता.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जयवंतीबाईंनी फिरणं सोडलं होतं. भाजी आणि देऊळ, एवढंच काय ते. आज फार मिनतवारीनं आल्या होत्या, आणि आज जर गुडघ्यानं दगा दिला तर त्या पुन्हा म्हणून यायच्या नाहीत, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधी एकट्यानंच येऊन पायऱ्या नसलेली, चढ नसलेली वाट हुडकून ठेवली होती. ऐन वेळी फाट्यावर गोंधळ व्हायला नको, म्हणून वाटेकडेचे दगड रंगवले होते. हे सगळं बायकोला सांगायची मात्र सोय नव्हती. 'मला काय आजारी समजता?' म्हणून बाई घरातूनच निघाल्या नसत्या.

बकऱ्या घेऊन चाललेली एक म्हातारी त्यांना पाहून थांबली.

"पेले यहाँ कुछ नी था बाई," ती जयवंतीबाईंना म्हणाली. "अभी प्रगट हुए भेरू महाराज. आगे भी बैठे हैं. एक के बाद एक."

"आगे भी हैं?" जयवंतीबाईंनी भैरोबाला हात जोडले.

"अगं, कुणीतरी रंग फासला असेल," भाऊ पुटपुटले.

म्हातारीनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की भाऊंनीही आपल्याच रंगकामापुढे निमूट मान लववली.

पुढे तेच सुरू झालं. दगड दिसला की बाई थांबायच्या, वाकायच्या, पुटपुटायच्या. कुठे लाल चिंधी बांधलेली, कुठे नुसतीच दोन फुलं. नातवाची परीक्षा, मुलीची बदली, शेजारच्या नीतूचं लग्न, सगळं एकेका दगडाच्या कानावर घालून झालं. भाऊ दर वेळी दुसरीकडे बघत उभे राहायचे.

मग एका मोठ्या चिंचेखाली जयवंतीबाई मटकन बसल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "बस हो गया. आता नाही हो होत माझ्यानं. परत फिरू."

भाऊंचा चेहरा उतरला. आता ही परत फिरली की संपलंच. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, घसा साफ केला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात म्हणाले, "पुढे अजून एक देव आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती बाई बोलली ना. एक के बाद एक."

जयवंतीबाईंनी क्षणभर विचार केला. "आता एवढं आल्यावर अर्ध्यातून फिरणंही बरं नाही," म्हणत त्यांनी उठायला हात पुढे केला. भाऊंनी तो धरला. देवाच्या नावानं बायकोला फसवल्याची त्यांना लाज वाटत होती. पण ती उठली, याचा आनंद त्या लाजेहून कितीतरी मोठा होता.

असं करत करत दोघं कड्यापाशी पोचली. खाली निमाडचा सगळा सखल मुलूख उन्हात पसरला होता. जयवंतीबाई डोळे भरून बघत राहिल्या. गुडघ्याचं नावही त्यांनी काढलं नाही. भाऊ खाली बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"आता पुढचा देव कुठे?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"पुढे नाही."

"असं कसं? वाट तर चाललीय ना पुढे, त्या घुमटाकडे."

"अगं, मला वाटलं तुला इथवरच झेपेल," भाऊ म्हणाले. "म्हणून मग पुढे रंगवलंच नाही."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"रंगवलं नाही?" जयवंतीबाईंनी वळून मागच्या वाटेकडे पाहिलं. शेवटचा नारंगी दगड उन्हात नव्या मशीनसारखा चमकत होता. मग त्यांनी भाऊंकडे पाहिलं. "म्हणजे आख्ख्या वाटेनं मी तुमच्या पाया पडत आले?"

"मी तर सांगत होतो, कुणीतरी रंग..."

"आणि नीतूच्या लग्नाचं? तेही तुमच्यापाशीच बोलले?"

आता काय ऐकावं लागतंय म्हणून भाऊंनी मान खाली घातली. पण जयवंतीबाईंचे खांदे हलायला लागले होते. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसू आवरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एकदम कडक आवाजात विचारलं, "पण इथवरच झेपेल, हे कुणी ठरवलं?"

आणि भाऊंनी उत्तर द्यायच्या आत त्या घुमटाच्या वाटेला लागल्याही.

"या मागून," त्या वळून न बघताच म्हणाल्या. "आता देवाशिवाय किती जमतं, ते बघू."