शेपटाकडची तुकडी

बोटीवरची नोकरी सोडून, आता बायकापोरांत राहायचं ठरवून गुरुप्रसाद कायमचा मांडवीला परतला. ते ऐकून त्याची बायको दीपाली नुसती ‘बरं’ म्हणाली, तेव्हाच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

दरवेळी तो सुट्टीवर आला की सुरमईची मधली, जाड तुकडी त्याच्याच ताटात पडायची. आज त्याला शेपटाकडची वाढली, आणि मधली ओट्यावर बाजूला काढून ठेवलेली दिसली. पगार थांबला तशी आपली किंमतही उतरली म्हणायची! पण ती तुकडी ठेवलीय तरी कोणासाठी?

त्याने हातातला घास ताटात ठेवला. “कोण येणाराय?”

“सावर्ड्याचा माझा दादा.” दीपालीने त्याच्या भातावर कालवण वाढलं. “मधली तुकडी पाहुण्याला असते. तुम्ही आता घरचे ना?”