हरकत नाही

सोजरबाईचा विषय सहावा होता. तो निघेपर्यंत तिचे दोन्ही पाय बधिर झाले होते. सकाळपासून ती पंचायतीच्या कचेरीत दाराजवळ तरटावर बसली होती आणि एकदाही उठली नव्हती. पहिल्या सभेत तिने उभं राहून बोलून पाहिलं होतं. दुसऱ्या सभेत हात जोडले होते, तिसऱ्या सभेत रडलीही होती. ही चौथी. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ग्रामसेवकाने अर्ज वाचला. गावच्या बालसदनात अनाथ मुलं एकवीस, खोल्या दोन. मागच्या मोकळ्या जागेत तिसरी खोली बांधायची आहे. विटा आणि टिनपत्रे अकोल्याची संस्था देणार. पंचायतीचा फक्त हरकत नसल्याचा ठराव हवा. सोबत संस्थेचं पत्र होतं. महिनाअखेर ठराव आला नाही तर नऊ मुलं इथून हलवावी लागतील, जिथे जागा मिळेल तिथे.

जिथे जागा मिळेल तिथे म्हणजे भाऊ एका गावी, बहीण दुसऱ्या गावी. पत्रात तसं लिहिलं नव्हतं. सोजरबाईला ते ठाऊक होतं. बालसदनात स्वयंपाकापासून औषधपाण्यापर्यंत सगळं तीच बघायची. कोणती नऊ पाठवायची, ते तिने चार दिवसांपूर्वी भाकरी थापताना ठरवून टाकलं होतं. ठरवताना आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, याचं तिला तेवढं नवल वाटलं होतं.

"कोनाची हरकत?" सरपंच माणिकरावांनी विचारलं.

सगळ्यांनी जगदेवकडे पाहिलं. त्याचं घर बालसदनाला लागून होतं. तो पंच होता, आणि मागच्या तिन्ही सभांत हरकत त्याचीच होती.

"माहं मागचंच म्हननं हाय," जगदेव म्हणाला. "भर वस्तीत हे पोट्टे कायले? पोरगी पाहाले पाव्हने येतात घरी. विचारतात, बाजूले कोन राह्यते? काय सांगू मी? गायरानात बांधा म्हना. तिकडं कोन नाही म्हनते?"

"गायरानात पानी नाही, जगदेवभाऊ," सोजरबाई म्हणाली. हे तिने तिन्ही सभांत सांगितलं होतं.

"अन् हे हायेत कोनाचे? कोन्या गावचे, कोन्या जातीचे? काही पत्ता हाय?"

जगदेवच्या शेजारी बसलेल्या रामकिसन पंचाने टोपी काढली, आतून झटकली आणि पुन्हा घातली.

त्या एकविसांतल्या एका मुलीचा पत्ता गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. हिरी जगदेवच्या धाकट्या भावाची पोर. दुष्काळाच्या साली भाऊ गेला, चार महिन्यांनी भावजय गेली. भावाचं वावर तेव्हापासून जगदेव कसत होता आणि आठ वर्षांची हिरी त्याच्या भिंतीपलीकडे, बालसदनाच्या खिडकीखाली निजत होती. गावात हे कोणी बोलून दाखवत नसे.

आता सोजरबाईने ते बोलावं, असं माणिकरावांना वाटत असावं. ते तिच्याकडे बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही. पण उद्यापासून पुन्हा याच माणसाच्या शेजारी राहायचं होतं. तिला आणि हिरीलाही. तिने तोंड उघडलं नाही.

जगदेवने मान खाली घातली.

"बरं, बांधा," तो म्हणाला. "पन नव्या खोलीले माह्या बाजूनं खिडकी नको. जुन्या खोलीची हाय, ते बी बुजवा."

"लेका, अन् हवा कुठून येईन?" माणिकराव म्हणाले. "एकवीस लेकरं हायेत."

"नाही तं माही हरकत लिहून घ्या."

"चालते," सोजरबाई म्हणाली. "बुजवू."

ग्रामसेवकाने अट लिहिली आणि तिच्याखाली लिहिलं, हरकत नाही. मग रजिस्टर सोजरबाईपुढे सरकवलं. तिने सही केली. अक्षरं नेहमीसारखीच आली. नऊ मुलं राहिली, असं तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हटलं. आत काही हललं नाही. ग्रामसेवकाने सातवा विषय काढला, बैलबाजाराच्या जागेचा.

ती कचेरीबाहेर आली. पायरीखाली चपला शोधत असताना जगदेव मागून आला. तो तिच्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"तुमी मले वाईट समजत असान."

सोजरबाई वाकून चपला शोधत राहिली.

"पाव्हन्यायचं तं बोलाचं म्हनून बोललो," तो म्हणाला. मग आवाज एकदम खाली आला. "ते पोट्टी खोकलते, सोजरबाई. पहाटेच्या पारी. खिडकीतून सारं आमच्या घरात येते. कानावर गोधडी घेतली तरी येते. महिना झाला, मी झोपलो नाही."

सोजरबाईला चपला सापडल्या. तिने त्या पायात घातल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ते पोट्टी तं खोकलतच राहीन, भाऊ," ती म्हणाली. "तुमाले ऐकू नाही येनार."