गुण्या आणि गोविंद

रविवारी लेकीच्या खोलीत पुस्तकांचं कपाट जोडत होतो. गावी वीस वर्षं माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आणि मी जोडीनं सुतारकाम केलं. चौकटीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. या देशात आल्यापासून दुसरं टोक शिकंज्यात अडकवतो. शिकंजा पकडतो घट्ट, पण "अरे आंधळ्या, जरा वर घे की!" असं काही म्हणत नाही.

तेवढ्यात अण्णांचाच फोन आला. माझे हात गुंतलेले, म्हणून लेकीनं स्पीकर लावला. जेवलात का, थंडी किती, सूनबाईची नोकरी कशी चाललीय, सगळं विचारून झालं. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, "गुण्यागोविंदानं राहा रे पोरांनो."

लेकीनं हत्यारांच्या पेटीत हात घातला. काटकोन तपासायचा गुण्या तिच्या ओळखीचा होता. तो उचलून तिनं विचारलं, "बाबा, गुण्या हा. मग गोविंद कुठाय?"

मला हसू आलं. म्हटलं, "आपण एक टोक धरलं की न सांगता दुसरं धरतो ना, तो गोविंद."

"मग तो का नाही आणला?"

मी तिच्या हातातला गुण्या घेऊन कपाटाच्या कोपऱ्याला लावला. कोपरा बरोबर होता. तरी बघत राहिलो.

फोन चालूच होता. पलीकडे अण्णा खाकरले.

"सामानाचं वजन जास्त झालं असतं, बाळा."